बी आणि भरवसा

चैत्र-वैशाखाच्या दिवसांत, ऊन कलल्यावर आपण नागरिक मंडळी व्याख्याने ऐकावयास जमतो, त्याच दिवसांत खेड्यापाड्यांतला शेतकरी एका निराळ्या विवंचनेत असतो. नांगरट होऊन गेलेली असते, ढेकळे उन्हात तापत पडलेली असतात आणि मृग लागण्यापूर्वी बियाण्याची तजवीज करावयाची असते. तालुक्याच्या गावी कृषि-सेवा केंद्रांपुढे गर्दी होते. कोणी उसनवारी करून, कोणी कर्ज काढून, कोणी घरातले किडूकमिडूक मोडून बियाण्याच्या पिशव्या घेतो आणि घरी परततो. ही पिशवी घेताना शेतकरी नेमके काय विकत घेतो, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

भाजी घेताना आपण ती हाताळून पाहतो. कापड घेताना पोत चाचपतो, आंबा घेताना देठाशी वास घेतो. बियाण्याच्या बाबतीत यांपैकी काहीही उपयोगी पडत नाही. पिशवीवर लिहिलेल्या वाणाचेच बी आत आहे की दुसऱ्याच वाणाचे, ते उगवेल की मातीत कुजून जाईल, हे डोळ्यांनी पाहून थोर कृषिपंडितालाही सांगता येणार नाही. ते शेतच सांगते, आणि सांगते तेव्हा वेळ निघून गेलेली असते. कापड फाटके निघाले तर दुकानदार बदलून देईल. पण पेरणीचे गेलेले आठ दिवस कोणता दुकानदार परत देणार? म्हणून आमचे म्हणणे असे की, बियाणे हा भरवशावर विकला जाणारा माल आहे. हा भरवसा आपोआप निर्माण होत नाही. तो समाजाला जाणूनबुजून, अनेक माणसांच्या आणि संस्थांच्या परिश्रमांनी उभा करावा लागतो. आपल्यासारख्या विकसनशील देशात शेतीची सुधारणा पुष्कळदा अडते, ती चांगल्या वाणांच्या अभावी अडत नाही. तो वाण आणि शेतकरी यांमधली ही साखळी कच्ची राहिल्यामुळे अडते.

दाणा आणि बी

दाणा आणि बी दिसावयास सारखेच. परंतु दाणा खाण्यासाठी असतो, बी पेरण्यासाठी. दाण्याची परीक्षा जिभेवर होते, बियाण्याची मातीत. दाण्यातला जीव गेला तरी त्याचे पीठ होते. बियाण्यातला जीव गेला तर शेत रिकामे राहते. बियाण्यात एक सजीव अंकुर निजलेला असतो. तो मंदपणे श्वासोच्छ्वास करीत असतो आणि म्हणून म्हाताराही होत असतो. ओल आणि उष्णता ही त्याला लवकर म्हातारपण आणतात. बीजशास्त्रज्ञांचा एक ढोबळ आडाखा असा आहे की, बियाण्यातला ओलावा एक टक्क्याने कमी केला की त्याचे आयुष्य सुमारे दुप्पट होते, आणि साठवणीच्या जागेचे तपमान पाच अंश सेल्सिअसने उतरवले तरी ते तसेच दुप्पट होते. कोठार कोरडे आणि थंड का असावे, हे यावरून ध्यानात येईल.

चांगल्या बियाण्याच्या चार कसोट्या सांगतात. पहिली, ते ज्या वाणाचे म्हणून विकले जाते त्याच वाणाचे असावे. दुसरी, त्यात खडे, काडीकचरा, तणाचे बी नसावे. तिसरी, ते जोमाने उगवावे. चौथी, त्याच्यासोबत रोग शेतात येऊ नये. या चारांपैकी दुसरीच काय ती डोळ्यांना दिसते. बाकीच्या तिन्ही गोष्टींसाठी दुसऱ्या कोणाच्या तरी शब्दावर विसंबावे लागते.

पूर्वी हा शब्द घरातल्याच माणसाचा असे. खळ्यावर मळणी होण्यापूर्वी टपोरी, भरदार कणसे निवडून बाजूला काढली जात. ती आढ्याला टांगली म्हणजे चुलीचा धूर लागून कीड दूर राही. कडधान्याच्या बियाण्याला राख चोळून ते मडक्यात भरीत आणि मडक्याचे तोंड शेणामातीने लिंपून टाकीत. कणगीत कडुलिंबाचा पाला घालीत. हे काम बहुतेक ठिकाणी घरातल्या बायकांचे असे, आणि कोणत्या शेतातले बी ठेवावयाचे याचा निवाडाही त्याच करीत. या पद्धतीला अडाणी म्हणून हसण्याचे कारण नाही. आपली मालदांडी ज्वारी अशाच पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून घडली. सोलापूर जिल्ह्यात मोहोळ येथे शास्त्रज्ञांनी तिच्यातूनच ‘मालदांडी ३५-१’ हा वाण वेगळा काढला आणि रब्बीत तो आजही पेरला जातो.

परंतु या पद्धतीला मर्यादा होत्या. शेजारच्या शेतातले पराग वाऱ्याने येत आणि काही वर्षांत वाण भेसळून जाई. रोग बियाण्याबरोबर एका हंगामातून दुसऱ्या हंगामात जाई. आणि १९७२ सारखा दुष्काळ पडला म्हणजे बियाण्याची मडकीही चुलीपाशी येत. पोटाला नाही तेथे पेरायला कोठून उरणार? शिवाय नव्या वाणाची वार्ता एका गावाहून दुसऱ्या गावी पोहोचावयास वर्षे लागत. वाढत्या लोकसंख्येच्या देशाला इतकी वाट पाहणे परवडणारे नव्हते.

गुणाकाराचे गणित

संशोधन केंद्रात एखादा सरस वाण तयार झाला, वृत्तपत्रांत त्याची बातमी आली, म्हणजे पुढल्या वर्षी तो सगळीकडे दिसू लागेल अशी आपली समजूत असते. पण त्या दिवशी शास्त्रज्ञाच्या हाती त्या वाणाचे बी थोडेसेच असते. ते वाढवीत न्यावे लागते. पैदासकाराच्या स्वतःच्या देखरेखीखाली होते ते ‘पैदासकार’ बियाणे. त्यापासून पुढल्या हंगामात ‘पायाभूत’ बियाणे होते, आणि पायाभूतापासून ‘प्रमाणित’ बियाणे. शेतकऱ्याच्या हाती येते ते हे तिसऱ्या पायरीवरचे. पिशवीला लावलेल्या खूणचिठ्ठीच्या रंगावरून पायरी ओळखता येते: पैदासकार बियाण्याची चिठ्ठी पिवळी, पायाभूताची पांढरी, प्रमाणिताची निळी. ज्या बियाण्याची शासकीय यंत्रणेने तपासणी केलेली नसते, उत्पादकाने स्वतःच्याच जबाबदारीवर गुण लिहून दिलेले असतात, त्या सत्यप्रत बियाण्याची चिठ्ठी हिरवट असते.

या तीन पायऱ्यांत बी किती वाढते, हे पिकावर अवलंबून असते. आणि बियाण्याच्या व्यापाराचे सारे मर्म येथेच आहे. एक क्विंटल सोयाबीन पेरले तर बियाण्याच्या हिशेबात सुमारे सोळा क्विंटल धरतात. म्हणजे एक क्विंटल पैदासकार बियाण्याचे सोळा क्विंटल पायाभूत, आणि त्या सोळांचे २५६ क्विंटल प्रमाणित. हेक्टरी ७५ किलो पेरणी धरली तर एवढ्या बियाण्यात जेमतेम ३४१ हेक्टर पेरून होते. आता बाजरीचा सरळ वाण घ्या. तिथे एकाचे दोनशे होतात. एक क्विंटलचे दोनशे, दोनशेंचे चाळीस हजार क्विंटल. बाजरीला हेक्टरी चार किलो बी पुरते. म्हणजे त्याच एका क्विंटलपासून, त्याच दोन हंगामांत, दहा लाख हेक्टर पेरता येतात. एकीकडे ३४१ हेक्टर आणि दुसरीकडे दहा लाख! भुईमुगाची गत तर सोयाबीनहूनही अवघड. तिथे एकाचे आठच होतात.

महाराष्ट्रात सोयाबीन चाळीस लाखांहून अधिक हेक्टरांवर पेरले जाते. त्यांपैकी चाळीस लाखच धरले, आणि शेतकऱ्याने दर तीन वर्षांनी एकदा बी बदलावे एवढीच माफक अपेक्षा ठेवली, तरी दरसाल दहा लाख क्विंटल प्रमाणित बियाणे लागेल. त्यासाठी दोन हंगाम आधी सुमारे ३,९०० क्विंटल पैदासकार बियाणे तयार असले पाहिजे. म्हणजे यंदाच्या मृगात शेतकऱ्याला कोणता वाण मिळेल, हे दोन-तीन वर्षांपूर्वी कोणी तरी कागदावर मांडलेल्या हिशेबावर ठरलेले असते. तो हिशेब चुकला तर शेतकऱ्याने दुकानात कितीही खेटे घातले तरी बी मिळत नाही. उलट बी जास्त झाले आणि उठले नाही, तर सोयाबीनसारख्या लवकर मरणाऱ्या बियाण्याचा पुढल्या वर्षी दाणाच होतो आणि उत्पादकाला खोट बसते.

यावरून आणखी एक गोष्ट उलगडते. जे बी थोड्या वजनात पुष्कळ जमीन पेरते, ज्याची ने-आण स्वस्त आणि साठवण सोपी, त्याकडे खाजगी व्यापार आपण होऊन धावतो: बाजरी, मका, कापूस, भाजीपाला. जे जड, नाशवंत आणि शेतकऱ्याला घरचे घरी ठेवता येणारे, त्याकडे व्यापाराचे लक्ष कमी: हरभरा, भुईमूग, सोयाबीन. व्यापाऱ्याला यात दोष देण्यात अर्थ नाही. नफ्याच्या मागे जाणे हा त्याचा धर्मच आहे. पण आपल्या ताटातील डाळ आणि कढईतील तेल याच दुसऱ्या वर्गात मोडतात, हे शहरवासीयांनी विसरू नये. त्या पिकांच्या बियाण्याची काळजी सार्वजनिक संस्थांनी घेतली नाही तर ती कोणीच घेणार नाही.

शेतातली राखण

प्रमाणित बियाणे कारखान्यात होत नाही, शेतकऱ्याच्याच शेतात होते. मात्र तो शेतकरी करार करून बीजोत्पादन करीत असतो. त्याचे पहिले पथ्य म्हणजे अंतर. भातासारख्या पिकात फुलातल्या फुलातच परागीभवन होते, म्हणून दुसऱ्या वाणापासून तीन मीटरांचे अंतर पुरते. ज्वारीचे पराग वारा वाहून नेतो, म्हणून प्रमाणित संकरित ज्वारीला दोनशे मीटर राखावे लागतात. आपल्याकडे एकेकाची जमीन एकरा-दोन एकरांची. दोनशे मीटर राखावयाचे म्हणजे चार शेजाऱ्यांची मनधरणी करणे आले. म्हणून बीजोत्पादन एकट्यादुकट्याने होत नाही; सबंध गावाने किंवा शिवाराने मिळून एकच वाण लावला तरच ते सुखाने होते.

दुसरे पथ्य म्हणजे भेसळीची झाडे उपटणे. उंचीने, पानाच्या रंगाने, फुलोऱ्याच्या वेळेने जे झाड वेगळे दिसेल ते उपटून टाकावयाचे. पोसलेले झाड स्वतःच्या हाताने उपटताना शेतकऱ्याचा जीव थोडा थोडा होतो. पण तेथे हात आखडला की पिशवीवरचे नाव खोटे ठरते. बीज प्रमाणीकरण यंत्रणेचे अधिकारी ठरलेल्या वेळी शेते पाहून जातात. आपल्या राज्यातील या यंत्रणेचे मुख्य कार्यालय अकोल्यास आहे. नंतर बियाणे प्रयोगशाळेत येते. मोजून घेतलेले दाणे ओल्या कागदात ठेवून किती निरोगी रोपे येतात ते पाहतात. प्रमाणित गव्हाची उगवण शेकडा ८५, ज्वारीची ७५ आणि सोयाबीनची ७० यांपेक्षा कमी चालत नाही. सोयाबीनला सूट अधिक, याचे कारण त्याचे टरफल फार पातळ आणि अंकुर अगदी टरफलालगत असतो. पोते उंचावरून आपटले, मळणीयंत्र जोराने फिरले, तरी आतल्या अंकुराला इजा होते आणि बाहेरून दाण्यावर ओरखडाही दिसत नाही.

संकराचे बी

‘संकरित’ हा शब्द आपण सर्रास वापरतो; त्याचा अर्थ थोडक्यात सांगितला पाहिजे. दोन भिन्न, शुद्ध वाणांचा संकर केला असता पहिल्या पिढीची झाडे आईबापांहून जोमदार निपजतात. मक्याच्या झाडावर तुरा वर आणि कणीस खाली असल्यामुळे एका वाणाचे तुरे काढून टाकले की काम भागते. म्हणून संकराचा आरंभ मक्यापासून झाला. १९५७ मध्ये मक्याच्या सुधारणेची अखिल भारतीय समन्वित योजना निघाली आणि १९६१ मध्ये गंगा १, गंगा १०१, रणजित आणि डेक्कन हे चार संकरित मके शेतकऱ्यांना मिळाले.

ज्वारीची गोष्ट निराळी. तिच्या इवल्याशा फुलात स्त्रीकेसर आणि पुंकेसर एकत्रच असतात; लक्षावधी फुलांतले पुंकेसर कोण काढणार? येथे निसर्गातलीच एक चूक माणसाच्या उपयोगी पडली. काही झाडांचे पराग वांझ असतात. असा नरवंध्य वाण आई म्हणून लावावयाचा आणि शेजारच्या ओळींत बापाचा वाण लावावयाचा. आईच्या कणसांत जे भरेल ते सारे संकरित. या वांझ वाणाचा वंश टिकविण्यासाठी मात्र हुबेहूब तिच्यासारखा, पण सकस परागांचा तिसरा वाण वेगळा जोपासावा लागतो. म्हणजे एका पिशवीमागे तीन घराणी सांभाळावी लागतात. १९६४ मध्ये अशा रीतीने ‘सी.एस.एच.-१’ ही पहिली संकरित ज्वारी प्रसृत झाली आणि १९६५ मध्ये ‘एच.बी.-१’ ही बाजरी.

कापसाचा इतिहास गुजरातेत घडला. १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रात चंद्रकांत पटेल यांनी ‘एच-४’ हा संकरित कापूस दिला. व्यापारी प्रमाणावर पेरला गेलेला जगातला हा पहिला संकरित कापूस होय. त्यात नरवंध्य आई नव्हती. संध्याकाळी एकेका कळीतले पुंकेसर बोटांनी काढावयाचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला बापाचे पराग लावावयाचे, असे ते काम. इतर देशांना न परवडणारी ही मेहनत आपल्याकडे शक्य झाली, कारण मजुरी स्वस्त होती. पण त्याच स्वस्ताईपायी पुढे अनेक ठिकाणी शाळेच्या वयाच्या मुली या कामाला जुंपल्या गेल्या, हेही येथे सांगितले पाहिजे. कापसाच्या पिशवीच्या किमतीत तोही हिशेब धरला गेला पाहिजे.

संकरित पिकाचे दाणे पुढल्या वर्षी पेरले तर झाडे एकसारखी येत नाहीत. कोणी आजोबांवर जाते, कोणी आजीवर. म्हणून दरसाल नवे बी विकत घ्यावे लागते. शेतकरी पूर्वी आपल्या कणगीवर अवलंबून असे, तो आता दुकानावर अवलंबून राहू लागला. उत्पन्न वाढले हे खरे. पण भरवशाची गरज पूर्वीपेक्षा कितीतरी पटींनी वाढली.

संस्था उभ्या राहिल्या

ती गरज ओळखून १९६३ मध्ये राष्ट्रीय बीज निगम स्थापन झाले आणि १९६६ मध्ये संसदेने बियाण्याचा कायदा केला. ती वर्षे देशाला फार कठीण गेली. लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला आणि धान्याची जहाजे परदेशांतून आणावी लागली. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोहून अठरा हजार टन गव्हाचे बियाणे आणले. धान्याबरोबरच बियाणेही आणले, हे शहाणपणाचे झाले. धान्याचे जहाज एकदाच जेवू घालते. बियाण्याचे जहाज, ते वाढविणारे हात देशात असले, तर दरसाल जेवू घालते. ते हात दिल्लीजवळच्या जौंती गावासारख्या बीजग्रामांत तयार झाले, पंजाबात आणि पंतनगरच्या तराईत तयार झाले.

महाराष्ट्रातही हे कार्य मागे राहिले नाही. १९६४ मध्ये जालन्यास बद्रीनारायण बारवाले यांनी महाराष्ट्र हायब्रिड सीड्स ही कंपनी काढली. आसपासच्या शेतकऱ्यांशी करार करून बीजोत्पादन करावयाचे, ही त्यांची पद्धत पुढे सर्वत्र रूढ झाली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. सार्वजनिक क्षेत्रात १९७६ मध्ये महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळ, म्हणजे ‘महाबीज’, अकोल्यास सुरू झाले. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाल्यानंतर कापसाच्या बियाण्याचा बाजार जवळजवळ सारा खाजगी कंपन्यांच्या हाती गेला, आणि भाव बांधून देण्यासाठी सरकारला मध्ये पडावे लागले.

साखळी तुटते तेव्हा

या वाटचालीत ठेचाही लागल्या, आणि त्यांपासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. संकरित बाजरी आल्यावर उत्पादन भराभर वाढले आणि १९७०-७१ मध्ये ते ऐंशी लाख टनांच्या घरात गेले. पण त्या काळच्या संकरित बाजऱ्यांची आई एकच होती. अमेरिकेतील टिफ्टनहून आलेला ‘टिफ्ट २३ ए’ हा नरवंध्य वाण. ही आई गोसावी रोगाला बळी पडणारी होती. या रोगात कणसात दाणा भरण्याऐवजी हिरव्या पानांचे झुपके येतात. जटा वाढलेल्या गोसाव्यासारखे दिसते म्हणून शेतकऱ्यांनी त्याला हे नाव दिले. १९७१ मध्ये हा रोग साथीसारखा पसरला आणि बाजरीचे शिवारच्या शिवार जटाधारी होऊन बसले. एका आईवर सारा देश विसंबला म्हणजे काय होते, ते त्या वर्षी दिसले. तेव्हापासून निरनिराळ्या आया पाळण्याचे धोरण शास्त्रज्ञांनी धरले.

दुसरे उदाहरण अलीकडचे आहे. २०१९ च्या पावसाळ्याअखेर, सोयाबीन काढणीला आले असताना, महाराष्ट्रात दीर्घकाळ पाऊस पडला. बियाण्याचे पीक शेतात भिजले. २०२० च्या मृगात मराठवाडा आणि विदर्भात पेरलेले सोयाबीन ठिकठिकाणी उगवलेच नाही. हजारो तक्रारी आल्या आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. काहींनी पुरेशी ओल नसताना पेरले होते, काहींचे बी खोल पडले होते, हे खरे. पण मुळात बियाण्यातला जीवच क्षीण झाला होता. ज्यांना दुबार पेरणी करावी लागली त्यांनी बियाण्याचे पैसे दोनदा मोजले, मजुरी दोनदा दिली, आणि तरीही हंगामाचे दिवस गेले ते गेलेच. एका ठिकाणचा पाऊस आणि दुसऱ्या वर्षीचे रिकामे शेत यांचा संबंध असा असतो.

अशा वेळी उत्तरदायी कोण? १९६६ च्या कायद्यात पहिल्या अपराधाला पाचशे रुपयांपर्यंत दंड सांगितला होता. पाचशे रुपयांच्या भीतीने कोणता लबाड सरळ होईल? पुढे २००१ च्या पीकवाण संरक्षण कायद्याने असे ठरविले की, नोंदलेल्या वाणाने सांगितल्याप्रमाणे गुण दाखवले नाहीत तर शेतकऱ्याला भरपाई मागता येईल. त्याच कायद्याने संरक्षित वाणाचेही बी राखण्याचा, पेरण्याचा, शेजाऱ्याला देण्याचा आणि विकण्याचा शेतकऱ्याचा हक्क मान्य केला. फक्त कंपनीच्या नावाच्या पिशवीत भरून विकू नये, एवढीच अट घातली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की, बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे आणि त्याला ग्राहक न्यायालयात दाद मागता येते. २०२३ मध्ये केंद्र सरकारने ‘साथी’ ही संगणकीय व्यवस्था सुरू केली. पिशवीवरची खूण पाहून ते बी कोठून आले याचा माग काढता यावा, हा तिचा हेतू. ही पावले योग्य दिशेची आहेत. परंतु दाद मागावयास पावती लागते, चिठ्ठी लागते, पिशवीतला मूठभर नमुना लागतो. शेतकऱ्याने या तीन गोष्टी पीक घरी येईपर्यंत जपून ठेवाव्यात, हे गावोगाव सांगितले गेले पाहिजे.

काय करता येईल

सुधारणेसाठी सगळेच वरून यावयास हवे असे नाही. सोयाबीन, हरभरा, गहू यांचे सरळ वाण शेतकऱ्याला दोन-तीन वर्षे घरचे वापरता येतात. त्यासाठी बियाण्याचा तुकडा वेगळा राखावा, तो बेताच्या गतीने मळावा, ओलावा बारा टक्क्यांच्या आत येईपर्यंत वाळवावा आणि पोत्यांची थप्पी उंच लावू नये. पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सहा-सात दिवस ठेवावेत आणि चांगले मोड किती आले ते मोजावे. सत्तर किंवा अधिक आले तर नेहमीच्या मापाने पेरावे. कमी आले तर माप वाढवावे. फारच कमी आले तर ते बी तेलाच्या गिरणीला द्यावे. खर्च काहीच नाही, पण यामुळे दुबार पेरणी टळू शकते. आणि सोयाबीन पेरावयाचे ते पाऊणशे ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्यावरच, हा कृषि विद्यापीठांचा सल्ला पाळावा.

गावरान वाणांचीही राखण व्हावयास हवी. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाण्यांचा साठा जमविला. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. हा केवळ जुन्याचा अभिमान नव्हे. बाजरीच्या गोसाव्याने शिकविले ते हेच की, उद्याच्या रोगावरचा उतारा एखाद्या डोंगरातल्या बाईच्या मडक्यात असू शकतो. संशोधक आणि मडके यांची गाठ पडली पाहिजे.

राहिली गोष्ट आपणा नागरिकांची. शहराला पाणी मिळावे म्हणून धरण बांधतात, त्याचा खर्च कोणी उधळपट्टी मानीत नाही. तसाच कृषि विद्यापीठातील पैदासकार बियाण्याच्या शेताचा, प्रयोगशाळेतल्या तपासनिसाचा, कोरड्या थंड कोठाराचा खर्च हा सर्वांच्या जेवणाचा खर्च आहे. त्या जागा रिकाम्या राहिल्या, शेते पडीक राहिली, तर वर्तमानपत्रात बातमी येत नाही. दोन-तीन वर्षांनी बी महाग होते, मग डाळ महाग होते, आणि तेव्हा आपण भावाबद्दल ओरड करतो. भावाची चर्चा करताना बियाण्याचीही चौकशी करण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

येत्या मृगात शेतकरी काळ्या मातीत मूठ सोडील तेव्हा त्या मुठीत कोणा शास्त्रज्ञाचे काम, कोणा बीजोत्पादकाचे उपटलेले झाड, कोणा तपासनिसाची सही आणि कोणा दुकानदाराचा शब्द एकत्र आलेले असतील. यांपैकी एकानेही आपले काम हलक्या हाताने केले तर त्याची किंमत ज्याचा त्यात काहीच दोष नाही तो शेतकरी मोजतो. ही किंमत ज्याची त्याच्याकडून वसूल करण्याची व्यवस्था जो देश उभी करील, त्याच देशात चांगले बी चांगल्या शेतापर्यंत पोहोचेल.